नामवंतांकडून आपण नेमके काय मागतो?



गेल्या भीमजयंतीच्या तयारीसाठी आमच्या वाडीतल्या विहारात बैठक भरली होती. त्रिसरण-पंचशील झाले, मागच्या वर्षाचा जमाखर्च वाचून झाला आणि फलकाचा विषय निघाला. आमच्या फलकावर मधोमध तथागत, त्यांच्या शेजारी बाबासाहेब आणि माता रमाई, आणि खाली कोपऱ्यात गेली तीन वर्षे एका नटाचे छायाचित्र असते. आपल्या समाजातला मुलगा पडद्यावर चमकतो याचा आनंद, दुसरे काही नाही. एक तरुण उठला आणि म्हणाला, "हे चित्र यंदा नको. अत्याचाराची एवढी मोठी बातमी झाली, सारा समाज रस्त्यावर आला, आणि हा गृहस्थ एक शब्द बोलला नाही. लाखो लोक त्याचे ऐकतात. मग त्याच्या प्रसिद्धीचा समाजाला उपयोग काय?"

टाळ्या पडल्या. मीही उठलो आणि दहा मिनिटे बोललो. शिक्षकाला बोलायला काय लागते! ज्या समाजाने डोक्यावर घेतले त्याच्यासाठी ज्याची जीभ उचलत नाही त्याला फलकावर जागा नाही, असे काहीसे बोलून मी खाली बसलो. त्यानंतर माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता महाविद्यालयात शिकते, ती मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाली, "सर, मी नववीत असताना २६ जानेवारीला शाळेत सत्यनारायण झाला होता. तुम्ही वर्गणी दिली होती आणि पूजेच्या वेळी हात जोडून उभे होता. त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत, ते का?"

बैठकीत शांतता झाली. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला आणि माझी सुटका केली. पण माझी सुटका झाली नाही. फलकाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, आणि तेवढ्या दिवसांत मी जो विचार केला तो आपल्यापुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी अनेकांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे. जुने देव घरातून निघाले, भिंती रिकाम्या झाल्या, आणि रिकाम्या भिंतीवर कोणाचे तरी चित्र लावावेसे वाटणे हे माणसाचे स्वाभाविक आहे. म्हणून हा प्रश्न केवळ आमच्या वाडीचा नाही.

खेळाडू, गायक, नट यांनी अन्यायाच्या प्रसंगी भूमिका घ्यावी, असे आपण म्हणतो. आता एक असे उदाहरण घेऊ की जिथे नामवंत माणूस गप्प बसला नाही. त्याने स्पष्ट भूमिका घेतली. आणि ती बाबासाहेबांच्या विरुद्ध घेतली.

पालवणकर बाळू हे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते, ही आपली चूक आहे. आडनाव कोकणातल्या गावावरून आलेले. जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार समाजात. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर महिना चार रुपये पगारावर ते खेळपट्टी राखण्याचे, जाळी बांधण्याचे काम करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. चेंडू टाकता टाकता देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्याच चेंडूला सर्वांचे हात लागत. पण चहाच्या वेळी बाळूंना चहा तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! पुढे ते मुंबईला गेले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीसुद्धा हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आले नाही. १९२० साली त्यांना डावलण्यात आले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

अस्पृश्य समाजाला बाळूंचा केवढा अभिमान वाटत असेल याची कल्पना करा. स्वतः बाबासाहेबांना तो होता. सार्वजनिक कार्याच्या आरंभीच्या काळात त्यांनी बाळूंच्या सत्कारात भाग घेतला होता, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. समाजाचे दोन सुपुत्र, एक मैदानावर आणि एक विद्येच्या क्षेत्रात. हे दोघे एका बाजूला उभे राहतील, असे कोणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू हे राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला गेले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही आहे. पण दोघे दोन बाजूंनी तिथे आले होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातल्या मतदारसंघात बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसने उमेदवार उभा केला, तो पालवणकर बाळू.

काँग्रेसने हे का केले, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. बाबासाहेबांना वादात हरवणे शक्य नव्हते. म्हणून ज्याच्या नावावर समाजाचे प्रेम आहे असा माणूस पुढे केला. पण बाळूंनी ते का मान्य केले? ते विकले गेले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्या माणसाने तंबूबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू, बळी घेत घेत, त्याच तंबूत बसण्याची जागा मिळवली, त्याला असे वाटणे शक्य आहे की हिंदू समाज सुधारतो आहे, थोडा धीर धरला पाहिजे. त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा पुरावा तसा होता. बाबासाहेबांनी ओळखले ते हे, की एका बाळूला तंबूत घेण्याने लाखो अस्पृश्यांचा पाणवठा मोकळा होत नाही. दोघांनी एकच अपमान सोसला आणि त्यातून दोन वेगळे निष्कर्ष काढले. एक निष्कर्ष चुकला, असे आपण आज म्हणतो आणि ते बरोबर आहे. परंतु चुकलेला निष्कर्ष म्हणजे बेइमानी नव्हे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण ती मी आपल्याच बैठकांत ऐकली आहे. बाळू 'त्या' जातीचे होते म्हणून तसे वागले, असे कोणी म्हणतात. हे बोलणे धम्माचे नाही. महार समाजातून आलेले विदर्भातले गवईसुद्धा राजा-मुंजे कराराच्या बाजूला होते. आणि आज जी चर्मकार कुटुंबे दीक्षा घेऊन आपल्याशेजारी बसतात त्यांच्या कानांवर हे शब्द पडले तर त्यांनी कोणता धम्म समजून घ्यावा?

आता मतदारांकडे पाहा. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट येथे आहे. परळ-भायखळ्याच्या चाळींत गिरणीत काम करणारी हजारो कोकणी माणसे राहत होती. त्यांच्यापैकी अनेकांची घरची माणसे रत्नागिरी जिल्ह्यात खोतांची कुळे म्हणून राबत होती. त्यांच्यापुढे दोन नावे आली आणि दोन्ही प्रिय होती. मतमोजणी झाली: बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५. अंतर दोन हजारांचे. एवढ्या कमी अंतरावरून दिसते की बाळूंचे नाव पोकळ नव्हते. त्या मतदारांना खेळाडूवर प्रेम ठेवूनही आपला प्रश्न कोण मांडील, हे वेगळे पाहावे लागले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले, ही गोष्ट वेगळी. पण माझ्या आजोबांसारख्या कुळांच्या नावे सातबारा चढला, त्याची सुरुवात कुठेतरी त्या दोन हजार मतांत आहे.

आणि बाबासाहेबांनी निवडणूक लढवताना बाळूंचे ११४ बळी खोटे ठरवले नाहीत. त्यांनी बाळूंच्या राजकारणाला राजकारणाने उत्तर दिले. बाळू ४ जुलै १९५५ ला गेले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा तो दिवस यायला अजून सव्वा वर्ष होते. तो दिवस पाहून त्यांचे मत बदलले असते काय, हा विचार माझ्या मनात येतो, पण त्याला काही अर्थ नाही.

हे सर्व मी एवढ्यासाठी सांगितले की नामवंतांनी बोलावे असे म्हणताना, त्यांनी विचार करून बोलावे असे आपल्या मनात नसते. आपल्याला जे वाटते तेच त्यांनी मोठ्या आवाजात बोलावे, असे असते. त्यांचा कंठ हवा, डोके नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावर एका परदेशी गायिकेने दोन शब्द लिहिले, तेव्हा आपले सचिन तेंडुलकर बोलले. देशाच्या प्रश्नात बाहेरच्यांनी प्रेक्षक राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. 'खेळाडू कधी बोलत नाहीत' ही अनेकांची तक्रार होती. ते बोलले तर कोचीला त्यांच्या प्रतिमेवर काळे तेल ओतले गेले. मला त्यांचे म्हणणे पटले नव्हते. परंतु फलंदाजी पाहून ज्याला आपण निवडले, त्याच्याकडून शेतीच्या कायद्यांचा निवाडा का मागावा, याचे उत्तर मी स्वतःला देऊ शकलो नाही.

मग नामवंतांनी गप्पच बसावे काय? मुळीच नाही. काही जण म्हणतील की तथागतही अनेक प्रश्नांवर मौन राहिले. होय, राहिले. जग शाश्वत आहे की अशाश्वत, मृत्यूनंतर तथागत असतात की नसतात, अशा प्रश्नांना त्यांनी उत्तर दिले नाही. कारण त्या उत्तरांनी कोणाचे दुःख कमी होत नव्हते. परंतु आश्वलायनाने चातुर्वर्ण्याचा प्रश्न काढला तेव्हा ते मौन राहिले नाहीत. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण, ब्राह्मण जन्माने की कर्माने, असा वाद घेऊन आले तेव्हाही त्यांनी सरळ उत्तर दिले. जिथे माणसाला माणूस छळतो आहे तिथे मौन पाळणे हे आर्य मौन नव्हे. कोणी त्याला बुद्धाचे नाव देऊन झाकू नये, मग तो नट असो की शाळामास्तर असो.

शिवाय ज्याने समाजाचे नाव सांगून टाळ्या घेतल्या, जयंतीच्या व्यासपीठावर मानधन घेतले, निवडणुकीपूर्वी निळा फेटा बांधला, त्याला त्या समाजावर संकट आले असता जाब विचारणे योग्यच आहे. त्याने स्वतःहून नाते जोडले आहे. ज्याने जोडलेच नाही, जो केवळ आपल्या जातीत जन्मला आणि आपले काम नीट करतो, त्याच्यावर आपण नाते लादतो ते कशाच्या बळावर? जन्माच्या! आणि जन्मावरून माणसाचे कर्तव्य ठरवणारी व्यवस्था सोडून आपण बाहेर पडलो, असे आपण रोज म्हणतो.

भूमिका म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितलेला रोहिणी नदीचा प्रसंग घरात एकदा मोठ्याने वाचा. शाक्य आणि कोलिय यांचा पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ त्या संघाचा सभासद होता. त्याने विरोध केला. दोन्ही बाजूंची माणसे नेमून वाद मिटवावा, असे सुचवले. त्याची सूचना प्रचंड बहुमताने पडली. तरी तो हटला नाही. कुटुंबावर बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू, अशी धमकी आली. तेव्हा त्याने, शिक्षा मला द्या, माझ्या माणसांना नको, असे सांगून गृहत्याग पत्करला. तो प्रसिद्ध होता म्हणून बोलला नाही. सभासद होता, आपल्या हाताने मत द्यायचे होते, म्हणून बोलला. आणि किंमत त्याने स्वतः दिली.

अमेरिकेच्या मुष्टियोद्ध्याची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. कॅशियस क्ले याने १९६४ साली धर्म बदलला आणि महंमद अली हे नाव घेतले. कित्येक वर्षे लोक त्याला मुद्दाम जुन्याच नावाने हाक मारीत. (आपल्यापैकी कोणाला याचा अनुभव नाही? गावकीत अजून किती जण आपल्याला बौद्ध म्हणतात?) १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जायला त्याने नकार दिला. विजेतेपद काढून घेतले गेले, खटला झाला, आणि उमेदीची तीन वर्षांहून अधिक काळ तो लढू शकला नाही. १९७१ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. त्याचे चाहते त्याच्याकडे भूमिका मागत नव्हते. उलट पुष्कळांना ती नको होती. सरकारची नोटीस त्याच्या दारात आली होती आणि तिला उत्तर देणे भाग होते.

नोटीस ज्याच्या दारात येते त्याने उत्तर द्यायचे असते. माझ्या दारात ती २६ जानेवारीला आली होती. प्रजासत्ताक दिनी, झेंडावंदन झाल्यावर, शाळेच्या सभागृहात चौरंग मांडला होता. शंभर रुपयांची यादी फिरली. माझ्या वरचे आणि खालचे नाव लिहिलेले होते, मधली ओळ रिकामी होती. मी नाव घातले. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. घटनेचे २८ वे कलम मी नागरिकशास्त्रात शिकवतो: मान्यताप्राप्त शाळेतल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. ते कलम शिकवणारा मी आणि वर्गात ते लिहून घेणारी ती मुलगी, दोघे त्या सभागृहात होतो. मला कोणी धमकी दिली नव्हती. जमीन जप्त होणार नव्हती. चहाच्या वेळी कोणी वाकडे बोलेल, बदलीच्या वेळी कोणी आठवण ठेवील, एवढेच भय. घरात पहिला पदवीधर मी. नोकरीवर आईवडिलांचे औषध आणि बहिणीचे शिक्षण चालते. ही कारणे खोटी नाहीत. पण त्या नटालाही अशीच कारणे असतील, कदाचित याहून मोठी, हे त्या दिवशी बैठकीत बोलताना मला सुचले नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. आपल्या कोकणात गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीत प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घुमतो. त्याच आवाजाने भीमगीतेही गाजवली. विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी गाणाऱ्या या गायकाला काय म्हणावे, असे एका नवदीक्षित भगिनीने मला विचारले होते. घरात गणपती आणायचा बंद केला, मग शेजारून येणारा तो आवाज ऐकून मन भरून येते ते पाप काय, असा तिचा खरा प्रश्न होता. मी तिला सांगितले की पोटासाठी गाणारा कलावंत आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडणारा उपासक यांत फरक आहे. आज वाटते, मी तिला अर्धेच सांगितले. तिच्या घरी गणपती येणार की नाही, हे प्रल्हाद शिंदे २००४ साली वारले त्यापूर्वी त्यांनी काय गायले यावर अवलंबून नव्हते. ते ती आणि तिचे यजमान यांनी ठरवले होते, सासूचा राग सोसून. त्या घरातली ती भूमिका कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणे आणि चळवळ एक केली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु प्रत्येक गायक वामनदादा झाला नाही म्हणून त्याला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार, सासूपुढे उभ्या राहिलेल्या त्या भगिनीला कदाचित असेल, मला नाही.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना हेच विचारले होते की अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे ऐकावे? तथागतांनी त्यांना एखादे भरवशाचे नाव दिले नाही. हा आमचा गुरू आहे एवढ्यासाठीही काही मानू नका, स्वतः तपासा, असे सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो त्याच परंपरेतला. भिंतीवरचे देव काढून तिथे आपण नट बसवला आणि तो बोलत नाही म्हणून रागावलो, तर नवसाला न पावणाऱ्या देवावर रागावणाऱ्या आपल्या आजीत आणि आपल्यात काय बदलले?

पुढची बैठक परवा झाली. मी फलकावरून त्या नटाचे चित्र काढावे असेच मत दिले, पण कारण बदलून: तो गप्प राहिला म्हणून नव्हे, तर ते चित्र तिथे असण्याचे कारणच नव्हते म्हणून. त्या जागी पालवणकर बाळूंचे चित्र लावावे, असे मी सुचवले. बराच गोंधळ झाला. बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस भीमजयंतीच्या फलकावर कसा, असे ज्येष्ठांनी विचारले, आणि त्यांचेही चुकले असे मला म्हणवत नाही. शेवटी ठरले ते असे, की कोपरा रिकामा ठेवावा आणि जयंतीच्या आठवड्यात मुलांना बाळूंवर एक व्याख्यान द्यावे. ते माझ्याकडे आले आहे.

शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहिले आहे: येत्या प्रजासत्ताक दिनी पूजेची वर्गणी माझ्याकडून घेऊ नये, त्या दिवशी घटनेच्या उद्देशिकेचे वाचन ठेवायचे असेल तर ते काम मी करीन. पत्र लिहायला दोन ओळी पुरल्या, द्यायला मात्र आठ दिवस लागले. पत्र पोचल्याची सही मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही.